‘एकल मातांची शिष्यवृत्ती’ शोधत बसू नका, आधी रेशनकार्ड काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिन्नर तालुक्यातल्या एक ताई, वय ३३. नवरा पाच वर्षांपूर्वी निघून गेला, घटस्फोट झालेला नाही. पदरात नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. कापडाच्या दुकानात महिना ९,००० रुपये मिळतात. बारावी कॉमर्स, एफवाय बी.कॉम. झाल्यावर लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. जात ओबीसीत. पदवी पूर्ण करून बी.एड. करायचं आहे. ‘एकल मातांसाठी शिष्यवृत्ती कुठे मिळेल? घटस्फोटाचा कागद नाही म्हणून सगळीकडून परत पाठवतात. वयाची अडचण येईल का?’

ताई, मी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं. त्यामुळे आधी मनाला लागेल ते सांगते: त्या नावाची शिष्यवृत्ती तुम्हाला सापडली नाही, कारण आपल्याकडे फीचा पैसा त्या नावाने वाटलाच जात नाही. फीमाफी देताना शासन चार गोष्टी बघतं: प्रवर्ग, उत्पन्न, कोर्स आणि प्रवेश कोणत्या मार्गाने झाला. तुम्ही एकट्या दोन मुलं वाढवता हे त्या अर्जात कुठेच विचारत नाहीत. ते विचारतं महिला व बालविकास खातं, आणि ते पैसे देतं ते तुमच्या शिक्षणासाठी नाही, मुलांच्या संगोपनासाठी. म्हणजे फी एका खात्याकडून, घरखर्चाचा काही भाग दुसऱ्या खात्याकडून. ही दोन ऑफिसं एकमेकांशी बोलत नाहीत. दोन्हीकडचे कागद जुळवायचं काम तुमचंच.

वयाचं लगेच सांगून टाकते. फीच्या योजनांत वय सहसा आड येत नाही. वसतिगृह आणि निर्वाहभत्त्याच्या योजनांत येतं, पण त्या तुम्हाला तशाही लागणार नाहीत. बी.एड. सीईटीला, म्हणजे प्रवेश परीक्षेला, वयोमर्यादा नाही. लॉ सीईटीलाही नाही. एएनएम-जीएनएम नर्सिंगला मात्र ३५ ची मर्यादा आहे, तेव्हा तो विचार डोक्यात असेल तर आजच ठरवा.

आता कोर्स. तुम्ही लिहिलंय की बी.कॉम. पूर्ण करून बी.एड. करणार. माझं ऐकाल तर बी.कॉम.चा हट्ट सोडा. शाळेत दहावीपर्यंत कॉमर्स हा विषय नाही. ज्युनिअर कॉलेजला कॉमर्स शिकवायचं तर एम.कॉम. लागतं. शिक्षिकाच व्हायचं असेल तर मराठी, इतिहास, भूगोल असा शाळेत शिकवला जाणारा विषय घेऊन बी.ए. केलेलं बरं. जुन्या एफवायचं काय होतंय ते तुमच्या विद्यापीठाच्या पात्रता विभागात एकदा विचारा, पण त्यावर वर्ष घालवू नका. अभ्यासक्रम इतक्या वेळा बदललेत की त्या गुणपत्रिकेवर पुढे घेतील याची आशा कमी.

पदवीसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तुमच्या दारातच आहे. १९८९ पासूनचं राज्याचं विद्यापीठ आहे, पदवी बी.एड. प्रवेशाला चालते. अभ्यासकेंद्रावरचे तास बहुतेक रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी असतात, त्यामुळे दुकान सोडावं लागणार नाही. फी नियमित कॉलेजच्या मानाने कमी, तेव्हा या तीन वर्षांसाठी शिष्यवृत्तीच्या मागे धावू नका. महिन्याला थोडे बाजूला टाका आणि भरून टाका. तुमची खरी ताकद बी.एड.च्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा. पदवीला ओबीसीतून निदान ४५ टक्के हवेत, म्हणजे नुसतं पास होऊन भागणार नाही.

आणि ‘घरबसल्या बी.एड.’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठा. दूरशिक्षणाने बी.एड. आहे, पण ते आधीच शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. तुमच्यासाठी दोन वर्षांचं नियमित बी.एड.च. त्यात ८० टक्के हजेरी आणि २० आठवड्यांचं शाळेतलं काम असतं, त्या कामाला ९० टक्के हजेरी लागते. दुकानाची नोकरी त्यात बसत नाही.

बी.एड.च्या फीचं मात्र चित्र चांगलं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा समाजाचा प्रवर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाली. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. पूर्वी निम्मी माफ होती. शासन निर्णयात ‘मुली’ लिहिलंय म्हणून काही बायका आपण त्यात नाही असं धरून चालतात. तसं नाही. दोन लेकरांची आई असलेली विद्यार्थिनीही त्यात येते.

पण अट एक आहे, आणि पैसे तिथेच बुडतात. प्रवेश सीईटी देऊन केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅप राउंडमधूनच झाला पाहिजे. संस्थास्तराची, मॅनेजमेंटची जागा घेतली की माफी गेली. दर उन्हाळ्यात कॉलेजांबाहेर फिरणारे लोक ‘ताई, कॅपची कटकट कशाला, सीट आत्ता बुक करा, शिष्यवृत्ती नंतर लावून देतो’ असं सांगतात. नंतर काही लागत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही या माफीत नाहीत. ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, भरताना घराजवळचं कॉलेज वर ठेवा. रोजचं एसटीचं भाडं आणि मुलं शाळेतून सुटायची वेळ या दोन गोष्टी कॉलेजच्या नावापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

माफी फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्काची. डेव्हलपमेंट फी, ग्रंथालय, अनामत, ओळखपत्र, असलं काहीबाही तुम्हालाच भरावं लागतं. कॉलेजने पूर्ण फी आधी मागितली तर वाद घालू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या (महाडीबीटी म्हणजे शासनाचं शिष्यवृत्ती आणि फीमाफीचं ऑनलाइन पोर्टल): ‘मी शुल्कमाफीस पात्र आहे, महाडीबीटीचा अर्ज करत आहे, कृपया फक्त उर्वरित शुल्क घ्यावे.’ दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी विनंती क्लार्क विसरतो. आवक क्रमांक पडला की कागद फाइलला लागतो.

आता जे कोणी सांगत नाही ते. तुमचा खरा खर्च फी नाहीच, बुडणारा पगार आहे. दोन वर्षं महिना ९,००० म्हणजे २ लाख १६ हजार. शिष्यवृत्ती मिळूनही बायका दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडतात ते यापायी. फी शून्य असते आणि किराणा उधारीवर. म्हणून बी.एड.ला प्रवेश घ्यायच्या खूप आधी, शक्यतो या वर्षीच, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. एका मुलामागे महिना २,२५० रुपये, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. दोन मुलांचे ४,५०० होतात. लाडकी बहीण योजनेचे १,५०० तुम्हाला मिळत असतील तर एकूण ६,०००. नऊ हजारांतले सहा भरून निघाले. उरलेल्या तीन हजारांसाठी संध्याकाळच्या शिकवण्या घेता येतील, बी.एड. करणाऱ्या बाईकडे गल्लीतली पोरं आपणहून येतात. बालसंगोपनाचे पैसे दरमहा वेळेवर येत नाहीत, चार-सहा महिन्यांचे एकदम जमा होतात. तेवढं धरून चला, नाहीतर पहिल्याच तिमाहीत धीर सुटतो.

हा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात. नाशिकला जावं लागेल. अर्जाबरोबर मुलांचे आधार, शाळेचा बोनाफाइड, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि एक फोटो लागतो ज्यावर हमखास अर्ज अडतो: तुम्ही आणि मुलं घरासमोर एकत्र उभे, पोस्टकार्ड आकारात. पासपोर्ट फोटो नेऊन भागत नाही. मग समाजकार्यकर्ता घरी येऊन पाहणी करतो आणि बालकल्याण समिती आदेश काढते. पाहणीच्या दिवशी घर आवरून दाखवायची गरज नाही. आहे तसं दिसू दे.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे, ते ऐकून आशा लावू नका. त्याची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० आहे. तुमचं १ लाख ८ हजार होतं. संजय गांधी निराधार योजनेची मर्यादा तर २१,००० आहे, तीही हुकते. उत्पन्न कमी दाखवून देतो म्हणणारे भेटतील. तोच दाखला तुम्ही पाच ठिकाणी लावणार आहात, आणि एका ठिकाणी खोटा ठरला की पाचही जातात. फीमाफीला ८ लाख चालतात, तिथे खोटं बोलायचं कारणच नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे, रेशनकार्ड. तुमचं नाव अजून सासरच्या कार्डात असणार. ते तिथे आहे तोवर तलाठी उत्पन्न लिहिताना सासऱ्यांची शेती मोजणार, आणि विचारलं तर ‘कुटुंब एकच आहे’ म्हणणार. त्याचंही चूक नाही, त्याच्यासमोर कागद तसाच आहे. म्हणून तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव कमी करून तुमचं आणि मुलांचं वेगळं कार्ड करून घ्या. मग दुकानमालकाकडून लेटरहेडवर पगाराचा दाखला घ्या आणि तो जोडून सेतूमधून उत्पन्नाचा दाखला काढा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला जूनमध्ये कुचकामी, म्हणून एप्रिल उजाडला की नवा काढायचा. शासकीय ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प आणायला पाठवलंच तर हे शांतपणे सांगा.

घटस्फोटाच्या कागदाबद्दल. तुम्ही घटस्फोटित नाही, परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने सोडलेल्या, आहात, आणि शासनाच्या कागदोपत्री हा शब्द आहे. ग्रामसेवक आणि पोलीस पाटलाचा दाखला, तलाठ्याचा पंचनामा, यावर बरीच ऑफिसं मानतात. पण गावातल्या दाखल्याला कोणीही हरकत घेऊ शकतं, सासरचा माणूस सरपंचाच्या ओळखीचा निघाला की दाखलाच मिळत नाही. त्यापेक्षा पोटगीचा अर्ज करा. पूर्वी तो सीआरपीसी १२५ खाली व्हायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. वकिलाचा खर्च नाही: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सिन्नरच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती आहे का ते विचारा, नाहीतर नाशिकला जिल्हा प्राधिकरण. पोटगी हातात पडेल की नाही देव जाणे. पण ‘नवऱ्याने सोडलेलं आहे’ असं लिहिलेला कोर्टाचा कागद हाती आला की पुढच्या ऑफिसात तुमच्याकडे संशयाने कोणी बघत नाही. पोटगीच्या रकमेइतकाच हा कागद कामाचा आहे.

जातीच्या कागदांबाबत बायकांचा नेहमी घोळ होतो. लग्नानंतरही तुमची जात माहेरचीच, दाखला वडिलांकडच्या पुराव्यावर, माहेरच्या नावाने. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे वडिलांचा किंवा आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंद, जुनी खरेदीखतं. भाऊ, चुलता, चुलतभाऊ यांच्यापैकी कोणाची जात वैधता, म्हणजे जातीच्या दाखल्याची समितीकडून पडताळणी, झालेली असेल तर निम्मं काम झालं, त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत मिळवा. नॉन-क्रिमिलेअरलाही, म्हणजे सधन गटात नसल्याच्या दाखल्यालाही, आईवडिलांचीच परिस्थिती बघतात, नवऱ्याची नाही. त्यामुळे ‘नवऱ्याच्या उत्पन्नाचा पुरावा आणा’ असं कोणी म्हणालं तर तो अर्ज कोणत्या कामाचा आहे ते त्याला विचारा. जात वैधता समितीत महिने जातात. पदवीच्या दुसऱ्या वर्षातच तो अर्ज टाकून द्या.

मग नाव. गुणपत्रिकेवर माहेरचं, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच. महाडीबीटीवर प्रोफाइलचं नाव आधारवरून येतं. विवाह नोंदणी दाखला असेल तर तो सगळीकडे जोडा. नसेल तर राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्या, ऑनलाइन होतं. माहेरच्या नावावर परत जायचं मनात असेल तर आत्ता, पदवीला प्रवेश घ्यायच्या आधी जा. मध्येच बदललंत तर पुढची पाच वर्षं दोन नावांनी जगाल.

बँकेचं तर फारच जपा. शासनाचे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलंय तिथे जातात. आमच्या टेबलावर एक मुलगी आली होती, तिचा अर्ज मंजूर, पैसे ‘जमा’ दिसत होते आणि पासबुकात शून्य. ते लग्नानंतर उघडलेल्या जॉइंट खात्यात गेले होते आणि एटीएम कार्ड नवऱ्याकडे. म्हणून स्वतःचं एकटीचं खातं उघडा आणि बँकेत ‘एनपीसीआय मॅपिंग या खात्याला करा’ असा लेखी अर्ज द्या. आधारवर येणारे सरकारी पैसे कोणत्या खात्यात जायचे, त्याची ही नोंद. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलं तर कधीकधी केवायसीपुरतंच करतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबरही तुमच्याच हातात असू द्या, ओटीपी भावाच्या फोनवर गेला की प्रत्येक गोष्ट त्याच्या सवडीने होते.

महाडीबीटीचा अर्ज प्रवेश झाल्यावर भरायचा, दरवर्षी नव्याने. शिक्षणातल्या खंडाचा रकाना खरा भरा आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा. काही योजनांत ‘दोन वर्षांपेक्षा जास्त खंड नसावा’ असं वाचून बायका अर्जच सोडून देतात. ती अट कोर्स चालू असतानाच्या खंडाची आहे, कोर्सच्या आधी चूल सांभाळण्यात गेलेल्या वर्षांची नाही. अर्ज भरला म्हणजे संपलं असं समजू नका. तो कॉलेजच्या क्लार्ककडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या ऑफिसात जातो, आणि कुठूनही ‘सेंड बॅक’ होऊ शकतो. मेसेज येईलच असं नाही. दर शनिवारी लॉगिन करून स्टेटस बघा. मी पाहिलेले नामंजूर अर्ज अपात्रतेपेक्षा वेळेत दुरुस्ती न झाल्याने गेलेले जास्त.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या बायकांसाठी दोन गोष्टी. अनुसूचित जातीच्या असाल आणि उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती फीबरोबर निर्वाहभत्ताही देते, ती वरच्या माफीपेक्षा चांगली. आणि नवरा नोंदीत बांधकाम कामगार होता आणि वारला असेल, तर इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे जा. विधवा पत्नीला वर्षाला २४,००० रुपये पाच वर्षं मिळतात, आणि हे कित्येक घरांना माहीतच नसतं. नवरा हयात आणि नोंदीत असेल तर पत्नीच्या पदवी शिक्षणालाही मंडळ वर्षाला २०,००० देतं. अट एवढीच की नोंदणीचं नूतनीकरण झालेलं हवं.

खासगी ट्रस्टकडे जाताना ‘शिक्षणासाठी मदत हवी’ असं मोघम लिहू नका. ज्ञातिमंडळं, देवस्थानं, रोटरी, इनरव्हील यांच्याकडे पैसा असतो पण थोडा, आणि त्यांना आपला पैसा कुठे गेला ते दिसायला आवडतं. ‘प्रवेशाच्या वेळी माफीबाहेरचे शुल्क अमुक इतके भरायचे आहे, धनादेश कॉलेजच्या नावे द्यावा’ असं एक पानी पत्र, सोबत कॉलेजची फी पावती आणि गुणपत्रिका. धनादेश कॉलेजच्या नावे मागितला की विश्वास बसतो. शहरातल्या मोठ्या फाउंडेशनांच्या बहुतेक शिष्यवृत्त्या नुकत्या बारावी झालेल्या मुलींसाठी असतात, त्यांचे लांबलचक फॉर्म भरण्याआधी वयाची ओळ वाचा. आणि अर्ज करायला जो कोणी ‘प्रोसेसिंग फी’ मागेल तो शिष्यवृत्ती देणारा नाही.

कर्ज सगळ्यात शेवटी, आणि तुमच्या बाबतीत बहुधा नकोच. फी माफ असताना घरखर्चासाठी शैक्षणिक कर्ज काढणं हा तोट्याचा व्यवहार. तरीही वेळ आलीच तर ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण सहकर्जदार लागतो. बँक सवयीने नवऱ्याची सही मागेल. वडील किंवा आई सहकर्जदार चालतात, तसं लेखी विचारा. सरकारी बँकेतच जा. गावातल्या पतसंस्थेचं किंवा बचतगटाचं कर्ज शिक्षणासाठी काढू नका: त्याचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, शैक्षणिक कर्जाचा कोर्स संपल्यावर.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: पुरवठा शाखेत रेशनकार्डाचा अर्ज, बँकेत एकटीचं खातं, आणि भावाला त्याच्या जात वैधतेबद्दल एक फोन. मुक्त विद्यापीठाचे प्रवेश साधारण जून-जुलैत सुरू होतात, तोवर हे तिन्ही हातात यायला हरकत नाही. कुठे अडलं तर ऑफिसने अर्जावर काय शेरा मारलाय तो शब्दशः लिहून पाठवा. ‘नाही म्हणाले’ एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही.